राजाराम कितीवर आहे?

जुलै लागला की कोल्हापूर जिल्ह्यात चहाच्या टपरीवर, एस.टी.त, लग्नाच्या बैठकीत हाच प्रश्न असतो. राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा, आणि 'कितीवर' म्हणजे पंचगंगेचं पाणी किती फुटांवर. तलाठी म्हणून माझी सगळी नोकरी करवीर आणि शिरोळ या दोन तालुक्यांत गेली. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही मोठे पूर मी दप्तर काखोटीला मारून पाहिले. आता निवृत्त आहे, तरी पावसाळ्यात फोन वाजतोच. फोनवर जे सांगतो, तेच इथं ओळीनं मांडतो.

१. आकडा बंधाऱ्याचा असतो, तो आपल्या उंबऱ्याला लावून घ्यावा.

राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. पण बंधाऱ्याला ४३ असताना आपल्या गल्लीत पाणी कुठं असेल, हे विचारलं की भलेभले गप्प होतात.

करवीरमधल्या एका गावात माझ्या हाताखाली जो कोतवाल होता, त्याच्याकडे याचं उत्तर होतं. शंभर पानी वही, कव्हर निसटलेलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कनवटीला. त्यात त्याच्या गिचमिड अक्षरात नोंदी: राजाराम इतके फूट, तेव्हा ओढ्यावरचा फरशी पूल बंद. इतके फूट, तेव्हा स्मशानशेडला पाणी. इतके फूट, तेव्हा दूध डेअरीची पायरी. तहसीलमधून आकडा आला की तो वही उघडायचा आणि सांगायचा, "भाऊसाहेब, सांजच्याला खालच्या आळीत पाणी. आत्ताच उठवूया." जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात सगळं असतं, पण डेअरीची पायरी नसते. ती गावानंच लिहून ठेवायची असते. शिरोळकडच्या गावांनी तर दोन आकडे लिहावेत, राजारामचा आणि आयर्विनचा. तिथलं पाणी दोन्ही नद्या मिळून ठरवतात, आणि ते कोल्हापूरनंतर चढतं.

२. मागच्या पुराची खूण हा सगळ्यात मोठा दगा.

याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोळ तालुक्यात घरोघर फिरून लोकांना निघायला सांगत होतो. एका जुन्या दगडी वाड्याच्या सोप्यात म्हातारबा पान जमवत बसलेले. म्हणाले, "भाऊसाहेब, दोन हजार पाचला पाणी ह्या तिसऱ्या पायरीला टेकून मागं फिरलंय. माझ्या आज्ज्याच्या टायमाला बी न्हाई आलं वर. तुम्ही पुढची घरं बघा." त्यांचं काही चुकत होतं असं नाही. ऐंशी वर्षांचा अनुभव होता आणि तिसऱ्या पायरीवर चुन्याची खूणही होती. पुढं राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विनला ५७ च्या वर. म्हातारबांना माडीच्या खिडकीतून बोटीत घ्यावं लागलं. पानाचा डबा त्यांनी सोडला नाही.

ज्या घराला २००५ साली पाणी लागलं होतं, ती माणसं २०१९ ला आपणहून लवकर निघाली. जी अडकली त्यांच्यात २००५ साली कोरडी राहिलेली घरं पुष्कळ होती. खूण माणसाला सावध करायच्या ऐवजी निर्धास्त करते.

२०१९ नं आणखी एक चुकीची सवय लावली, वेळेची. त्या साली पाणी दिवसामागून दिवस चढत गेलं. भांडीकुंडी वर टाकायला, पोरांना पाव्हण्यांकडं धाडायला सवड मिळाली. २०२१ च्या जुलैत घाटमाथ्यावर एकदम कोसळलं आणि दोन-तीन दिवसांत पंचगंगा राजारामला ५६ फुटांच्या पुढं. 'बघूया उद्या' म्हणणाऱ्यांना उद्या मिळालाच नाही. जलसंपदा खात्याच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरलेली असते. लोक त्याचा अर्थ असा लावतात की एकदा येऊन गेला, आता पोराबाळांच्या काळापर्यंत निवांत. सोळा वर्षांत तीनदा येऊन गेल्यावरही हा समज जात नाही.

३. आधी म्हशी, मग माणसं.

वरून आदेश येतो तो माणसं हलवायचा. पण आमच्या भागात म्हैस गोठ्यात असेपर्यंत घरची बाई हलत नाही. "म्हशी कुठं बांधू ते आधी सांगा, मग येतो मी," हे वाक्य मी दर पुरात ऐकलंय. आणि ते बरोबर आहे. दुधाचा दहा दिवसांचा पगार हाच तिच्या हातातला रोख पैसा. म्हणून इशारा पातळी गाठली की पहिली दवंडी जनावरांची. उंचावरचं मैदान किंवा कारखान्याचा मोकळा यार्ड आधीच ठरलेला हवा आणि तिथं वैरण आधी पोचलेली हवी. एकदा पूर चढला की शेतातली सगळी ओली वैरण पाण्याखाली जाते, मग पेंडीच्या पोत्यावर भांडणं लागतात. जे अगदीच हलवता येत नाही त्याचं दावं तरी सोडावं. मोकळी म्हैस पोहून उंचवटा गाठते, दाव्याला बांधलेली जागेवर बुडते.

४. आशाताईंची वही तहसीलच्या यादीपेक्षा कामाची.

कुणाला नववा महिना आहे, कुणाचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस आहे, कुणाला इन्शुलिन लागतं, कोण अंथरुणाला खिळून आहे, हे गावात एकाच माणसाला माहीत असतं, आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना. ही माणसं ३९ फुटांनाच, रस्ता कोरडा असताना, जीपनं न्यावीत. नंतर त्यांनाच बोटीत चढवणं सगळ्यात अवघड जातं.

५. नावेत कितीजण बसणार हे काठावरच ठरलं पाहिजे.

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला, कृष्णा आणि येरळेच्या संगमावरच्या गावात, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली. बायका, लहान मुलं गेली. त्या बातमीनंतर आमच्याकडं दोन दिवस कुणी बोटीत पाय ठेवायला तयार नव्हतं, आणि नंतर पुन्हा तीच रेटारेटी सुरू झाली. घाबरलेला माणूस मोजत नाही. म्हणून काठावर पोलीसपाटील किंवा तरुण मंडळाचा एखादा दांडगा गडी उभा हवा. त्याचं काम एवढंच, भरली की ढकलायची आणि उरलेल्यांना अडवायचं. शिव्या खाव्या लागतात.

एन.डी.आर.एफ.ची तुकडी पुण्याहून येते, आणि महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली असेल तर तीही अडकते. पहिला दिवस गावाचाच असतो. आमच्या भागात गुऱ्हाळाच्या काहिलीतूनही माणसं काढतात. एरवी जिच्यात गूळ उकळतो ती काहिल तरंगते छान, पण एका बाजूला भार पडला की गोल फिरायला लागते. शांत पाण्यात, एक-दोन माणसांसाठी, दोर बांधूनच वापरावी. यांत्रिक बोटीच्या पंख्यात उसाचा पाला आणि बुडालेल्या केबल अडकतात. त्यामुळं ज्याला शिवारातले पाणंद रस्ते, विहिरी आणि विजेचे खांब ठाऊक आहेत असा गावकरी बोटीत पुढं बसलाच पाहिजे. जवान कितीही तरबेज असला तरी उसाच्या फडात तो परकाच.

६. 'दरवाजे उघडले' ऐकून पळू नये, आणि सगळं अलमट्टीवरही ढकलू नये.

राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की व्हॉट्सअ‍ॅपवर धावपळ उडते. ते दरवाजे कुणी बटण दाबून उघडत नाही. तलाव काठोकाठ भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाज्यातून १,४२८ क्युसेक्स, सातही उघडले तरी दहा हजारांच्या आसपास. महापुरात पंचगंगेतून जाणारं पाणी याच्या कितीतरी पट असतं. ते येतं कुठून? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्यांच्या खोऱ्यांतून, गगनबावड्याच्या पावसातून, आणि धरणाच्या खाली मोकळ्या रानावर पडणाऱ्या पावसातून. तो पाऊस कुठलंही धरण अडवत नाही.

धरणांचा हिशेब प्रत्येकानं एकदा कागदावर करून बघावा. ११,५७४ क्युसेक्सनं चोवीस तास पाणी आलं की एक टी.एम.सी. होतं. म्हणजे लाखभर क्युसेक्सची आवक असेल तर दिवसाला साडेआठ टी.एम.सी.च्या वर. अख्ख्या राधानगरी धरणात तेवढंही मावत नाही. कोयनेची क्षमता १०५ टी.एम.सी. आहे, पण ऑगस्टच्या सुरुवातीला ती जवळजवळ भरलेली असेल तर त्या १०५ चा उपयोग काय? पूर अडवायला रिकामी जागा लागते, आणि दुष्काळाच्या भीतीनं ती कुणी ठेवायला धजत नाही. अधिकाऱ्यांची अडचण मला समजते. धरण अर्धवट ठेवलं आणि पाऊस पाठ फिरवून गेला, तर मार्चमध्ये त्यांनाच धारेवर धरतात. पण जुलैअखेर किती जागा मोकळी आहे हे रोज जाहीरपणे विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळं आपल्याकडं पूर येतो का, याबद्दल आमच्याकडं दोन तट आहेत. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचं म्हटलं. लोकांना ते पटलं नाही. आता धरणाची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४ मीटरच्या वर न्यायचा कर्नाटकचा घाट आहे, त्याला सांगली-कोल्हापूरचा विरोध आहे, आणि मीही त्या विरोधात सही केली आहे. तरी सही करताना आजूबाजूला बघितलंच. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, ती मागं तुंबत जाते. इथं नद्यांना उतार कमी आणि वळणं फार, म्हणून शिरोळातलं पाणी आठ-आठ दिवस हलत नाही. अशा सपाट जागी आपण काय केलंय? रस्ते उंच करताना मातीचे भराव टाकले, त्याखाली पाणी जायला चार नळे. निळ्या रेषेच्या आत गुंठेवारीचे प्लॉट पाडले, ओढे बुजवून वर मंगल कार्यालयं बांधली. यातल्या काही सातबाऱ्यांचे फेरफार माझ्याच हातून, रीतसर आदेशानं झालेत. कागद सगळे बरोबर होते.

७. पुरात प्यायला पाणी नसतं.

जॅकवेल बुडतात, मोटारी बुडतात, वीज जाते. २०१९ ला कोल्हापूर शहरसुद्धा टँकरच्या रांगेत उभं होतं. धोका पातळीच्या आधीच घरातली सगळी भांडी भरून वर ठेवावीत. मोबाईलचा टॉवरही काही तासांनी मान टाकतो, मग देवळाचा भोंगा आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केलेले एक-दोन फोन, एवढंच उरतं.

८. मदत रस्त्याकडेच्या गावांत संपते.

२०१९ ला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून ट्रक आले, ते पाहून ऊर भरून यायचा. पण ट्रक डांबरी रस्ता सोडत नाही. नाक्यावरच्या गावात बिस्किटांची थप्पी आणि आत पाच किलोमीटरवर काहीच नाही. जुन्या कपड्यांचे ढीग पावसात कुजले, ते उचलायला पुन्हा आमचेच ट्रॅक्टर. पाणी ओसरल्यावर खरी गरज खराटे, फावडी, घमेली, ब्लिचिंग पावडर, गमबूट आणि पाण्याचा जोराचा फवारा मारणाऱ्या मशीनची. घरात गुडघाभर गाळ असतो आणि तो वाळला की खरवडून निघत नाही. बायकांसाठी आतले कपडे आणि सॅनिटरी पॅड पाठवणारे फार थोडे, पण ज्या शिक्षिकांनी शाळेतली छावणी सांभाळली त्यांना विचारा, पहिली मागणी त्याचीच होती.

९. पंचनाम्याआधी घर धुवू नका असं सांगितलं जातं. ते ऐकू नका.

गाळात बसून तलाठ्याची वाट बघणारी माणसं आजारी पडतात. मोबाईलवर तारखेसह फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेजवळ घरातलं माणूस उभं करून काढा, आणि लागा धुवायला. आधार, बँक पासबुक आणि सातबारा एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. सानुग्रह अनुदान अडतं ते बहुतेक वेळा खातेक्रमांकाच्या चुकीमुळं किंवा एका घरात तीन चुली आणि रेशनकार्ड एक असल्यामुळं. ती भांडणं मी मिटवली आहेत. पुरापेक्षा त्यांनी जास्त दमवलं.

१०. गोठा नसलेला प्लॉट कुणी घेत नाही.

'ही माणसं दुसरीकडं जात का नाहीत?' हा पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांचा ठरलेला प्रश्न. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला प्लॉट दिले गेले. तरी बरीच घरं जुन्या गावातच राहिली. नदीकाठची पोयट्याची जमीन, रोजची धार, पहाटेची वैरणकाडी, हे सगळं तिथंच. प्लॉट माणसांना पुरतो. त्यात चार म्हशी, उकिरडा, कडब्याची गंजी आणि ट्रॅक्टर मावत नाही. म्हणून होतं असं की प्लॉटवर पोराचं लग्न झाल्यावर एक स्लॅबचं घर उभं राहतं आणि म्हातारी माणसं जनावरांपाशी खालीच राहतात, म्हणजे नेमकी जी पुरातून काढायला अवघड तीच. पुनर्वसनाचा पुढचा आराखडा करणाऱ्यांनी प्रत्येक कुटुंबामागं दोन गुंठे गोठ्याला आणि गावामागं दहा एकर गायरान आधी मोजून द्यावं, घराच्या नकाशाचं मग बघावं.