चंद्रावरील पोशाख

पोशाख म्हटला कीं अंगाची शोभा आणि थंडीवाऱ्यापासून बचाव, एवढेंच आपल्या मनांत येतें. चंद्रावर उतरणाऱ्या मनुष्यास मात्र आपली हवा, पाणी व आसरा हीं सर्व अंगावरच वागवावीं लागतात. कारण तेथें हवा मुळींच नाहीं, आणि पोशाख फाटला तर प्राणाशींच गांठ.

हवा आंत कोंडणें हें काम, आमच्या मतें, त्या मानानें सोपें. खरी अडचण पुढेंच आहे. हवा भरतांच पोशाख सायकलच्या ट्यूबप्रमाणें टणक होतो. हात वांकवावा तर तो पुन्हां सरळ होऊं पाहतो. म्हणून अपोलोच्या पोशाखांत आपल्या वातावरणाच्या सुमारें एक चतुर्थांश दाबाचा शुद्ध प्राणवायु भरीत, आणि सांध्यांच्या जागीं भात्यासारख्या रबरी घड्या बसवीत. इ. स. १९६९ मधील नील आर्मस्ट्राँगचा पोशाख इंटरनॅशनल लॅटेक्स या अमेरिकन कंपनीनें केला. स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांबद्दल ही कंपनी प्रसिद्ध होती! त्याचे २१ थर शिंपिणींनीं शिलाईच्या यंत्रावर जोडले. एखादी विसरलेली टांचणीही तेथें काळ ठरती. या स्त्रियांचीं नांवें फारशीं कोणास ठाऊक नसावींत, याचें आम्हांस वाईट वाटतें.

तरीही त्या पोशाखांत खालीं वांकणें कठीणच होतें. दगड लांब दांड्याच्या चिमट्यानें उचलीत. धुळीचा त्रास निराळाच. वाऱ्यापाण्यानें न झिजल्यामुळें तिचे कण कांचेच्या चुऱ्यासारखे धारदार असतात. इ. स. १९७२ च्या अपोलो १७ मोहिमेंत ती यानांत शिरली, तेव्हां भूगर्भशास्त्रज्ञ श्मिट यांचें नाक चोंदलें.

नव्या पोशाखाचें काम नासानें इ. स. २०२२ मध्यें ॲक्सिऑम स्पेस कंपनीकडे सोंपविलें. पुढें इटलीची प्राडा ही कपडे करणारी संस्था तिला मिळाली. आतां उतरावयाचें तें दक्षिण ध्रुवाजवळ. तेथील कित्येक विवरांत सूर्यकिरण कधींच पोंचत नाहींत, म्हणून अशा गारठ्यांत निदान दोन तास टिकण्याची तयारी पोशाखांत ठेवावी लागली. त्यांत पाठीमागच्या दारानें शिरावयाचें असतें, आणि लहानमोठ्या बांध्याच्या स्त्रीपुरुषांस तो जुळवून घेतां येतो.

सर्वांत बिकट भाग हातमोज्याचा. टेनिसचा चेंडू मुठींत सारखा दाबीत राहा, म्हणजे त्या श्रमाची थोडी कल्पना येईल. हातमोज्यांच्या दाबानें कित्येक अंतराळवीरांचीं नखें निखळलीं आहेत. थंडीसाठीं तो जाड हवा. आणि स्क्रू बोटांस कळावा म्हणून पातळही हवा.