सचेतनपटातील रंग आणि पात्रांचे स्वभाव

सचेतनपट, म्हणजेच ज्यांना आपण सर्वसाधारणपणे कार्टूनपट म्हणतो ते चित्रपट, आज खेड्यापाड्यांतील मुलेही दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर आवडीने पाहतात. एखादे पात्र तोंड उघडण्यापूर्वीच ते भले की बुरे, हे मुलांनी ओळखलेले असते. ही ओळख पुष्कळ अंशी रंगाने करून दिलेली असते. नटाला स्वतःचे रूप असते. चित्रातील पात्राची कातडी, केस, डोळे व वस्त्रे यांचा प्रत्येक रंग मात्र कोणीतरी योजलेला असतो. ही योजना कशी होते, हे शिक्षकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

रंगांची कार्ये

पूर्वी पारदर्शक सेल्युलॉइडच्या तावांवर एकेक चित्र हाताने रंगविले जाई. हजारो चित्रे अनेक हातांखालून जात. ती एकसारखी दिसावीत म्हणून प्रत्येक पात्राचे मोजके रंग आधीच ठरवून देत. छायाप्रकाशाच्या बारकाव्यांना वाव कमी असल्याने या मोजक्या रंगांवरच मोठा भार पडे. आज हे काम संगणकावर होते. तत्त्व मात्र तेच आहे.

रंगाचे पहिले कार्य ओळख पटविण्याचे. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१९५९) या चित्रपटातील तीन प्रेमळ पऱ्या लाल, हिरव्या व निळ्या पोशाखांमुळे दुरूनही वेगळ्या ओळखू येतात. दुसरे कार्य लक्ष वेधण्याचे. ‘स्नो व्हाइट’ (१९३७) मध्ये मातकट कपड्यांतील सात बुटक्यांच्या मेळाव्यात निळ्या-पिवळ्या पोशाखातील नायिकेवरच दृष्टी स्थिरावते.

तिसरे कार्य स्वभावदर्शनाचे, आणि तेच सर्वांत परिणामकारक होय. ‘द लायन किंग’ (१९९४) मधील राजा मुफासा सोनेरी, तर त्याचा कपटी भाऊ स्कार मळकट वर्णाचा व काळ्या आयाळीचा आहे. राजपुत्र सिंबाला पित्याचाच सोनेरी रंग दिला असल्याने त्याचा वारसा वेगळा सांगावा लागत नाही. स्कारच्या राजवटीत तर सारा प्रदेशच करडा पडतो.

सावधगिरीची गरज

येथेच एक धोका संभवतो. उजळ तो सज्जन आणि काळा तो दुर्जन, हे समीकरण वारंवार पाहिल्यास बालमन ते सत्य मानू लागते, आणि वर्गातील सावळ्या मुलाला त्याची झळ पोहोचते. वस्तुतः रंगांचे अर्थ निसर्गाने नव्हे, समाजाने ठरविलेले असतात. ‘स्लीपिंग ब्यूटी’तील दुष्ट मॅलिफिसंटची कांती हिरवट आहे, आपल्याकडे हिरवा चुडा सौभाग्याचा मानतात. पाश्चात्त्य वधूचा पांढरा पोशाख आपल्याकडे परंपरेने शोकाशी जोडलेला आहे. आणि लक्षावधी वारकरी ज्याच्या दर्शनासाठी पंढरीला चालत जातात, तो विठ्ठल सावळाच आहे.

अलीकडच्या काही चित्रपटांनी ही चाकोरी मोडली आहे. ‘श्रेक’ (२००१) चा नायक हिरव्या कातडीचा राक्षस आहे. ‘इनसाइड आउट’ (२०१५) मध्ये आनंद पिवळा व दुःख निळे आहे. परंतु आनंदाचे केस निळे आहेत, आणि अखेरीस एकाच आठवणीत दोन्ही रंग मिसळतात. दुःखाचा रंग येथे तिरस्काराचा विषय होत नाही.

वर्गातील उपक्रम

यासाठी फारसा खर्च लागत नाही. एका पात्राचे केवळ रेषांनी काढलेले चित्र फळ्यावर काढावे व मुलांनी ते वहीत तीन वेळा उतरवून निरनिराळ्या रंगांत रंगवावे. कोणते पात्र प्रेमळ व कोणते दुष्ट वाटते, आणि का, हे त्यांना विचारावे. रेषा तीच असताना मत बदलले, तर ते रंगाने बदलले, हे मुलांना आपोआप उमगेल. ग्रामपंचायतीच्या वाचनालयात मुलांसाठी चित्रपट दाखविले जात असतील, तेथेही खेळानंतर दहा मिनिटे अशा चर्चेसाठी राखून ठेवावीत. रंग पाहून माणसाची पारख करू नये, हा धडा मुले त्यातून स्वतःच शिकतील.