विद्यापीठातला विद्यार्थी सल्लागार : एक वेगळं करिअर

बारावीचा निकाल लागला की आमचे जुने पालक फोन करतात, "मॅडम, पोरीला पुढे कशाला टाकू?" डॉक्टर, इंजिनिअर, बँक, पोलीस भरती, डीएड, एवढ्यात आपली यादी संपते. आज एका वेगळ्या कामाची ओळख करून घेऊया. कॉलेजात गेलेलं मूल शेवटपर्यंत टिकावं म्हणून काम करणारा माणूस, म्हणजे विद्यार्थी सल्लागार.

आपल्या शाळेत मूल चार दिवस आलं नाही तर आपण घरी जाऊन बघतो. कॉलेजात कोण जातं? पहिल्या वर्षाला दोन विषय राहिले की पोरगा गावी येऊन बसतो. घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नसेल तर सगळ्यांना वाटतं, संपलं शिक्षण. एटीकेटी म्हणजे पुढच्या वर्गात बसून राहिलेले विषय सोडवायची मुभा, हे त्यांना वेळेवर कोणी सांगतच नाही.

शिष्यवृत्तीचंही तसंच. महाडीबीटीवर अर्ज भरलेला असतो, पण बँक खातं आधारला जोडलेलं नसतं. किंवा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनला पडून असतो. मुलाला वाटतं, आपली मंजूरच झाली नाही. अर्ज नेमका कुठे अडलाय ते शोधायचं, मुलाला त्या टेबलापर्यंत घेऊन जायचं, हे सल्लागाराचं रोजचं काम. त्यात २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटचा हिशोब आलाय. मेजर कोणता, मायनर कोणता, मध्येच शिक्षण थांबलं तर मिळवलेल्या क्रेडिटचं काय? हे नीट समजावून सांगणारं कोणीतरी लागतंच.

कधी अडचण कागदाची नसतेच. हॉस्टेलवरचं मूल खात नाही, बोलत नाही. तिथे सल्लागाराने स्वतः डॉक्टर व्हायचं नसतं. ते ओळखून समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पोचवायचं असतं. (टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर पालकांनीही जवळ ठेवावा.)

अमेरिकेत हा पूर्ण वेळेचा पेशा आहे; तिथल्या सल्लागारांची 'नाकाडा' ही संघटना १९७९ पासून आहे. आपल्याकडे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी विकास मंडळ आहे. पण कॉलेजात हे काम बहुतेक वेळा एखाद्या प्राध्यापकाकडे जादाचा कार्यभार म्हणून असतं. तास घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात ते किती मुलांना भेटणार? माझ्या मते ही मोठी उणीव आहे.

या वाटेने जायचं तर मानसशास्त्रात एमए करता येतं किंवा एमएसडब्ल्यू. समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था अशी जुनी ठिकाणं आहेत. आयआयटी, मोठी खासगी विद्यापीठं, परदेशी जाणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करणारी कार्यालयं इथे समुपदेशक आणि सल्लागार नेमतात. पालकांना मात्र स्पष्ट सांगते, कायमच्या जागा कमी आहेत, बऱ्याच नेमणुका कंत्राटी असतात, पहिली काही वर्षं पगार बेताचाच.

मूल कसं हवं? बडबडं नको, ऐकून घेणारं हवं. नियम वाचायचा कंटाळा नसलेलं. आणि मराठी चांगली हवी बरं का! पहिल्या वर्षाचा पोरगा फी भरायला पैसे नाहीत हे इंग्रजीत सांगत नाही, तेही दोन-तीन वेळा दारापर्यंत येऊन परत गेल्यावर सांगतो.