वर्गात बोलण्याविषयी

चि. छोटीस,


तुझं पत्र वाचलं. जर्मनच्या लेखी परीक्षेत तू पहिली, आणि तासाला मात्र सरांनी नाव घेऊन उठवल्याशिवाय तोंडातून शब्द नाही, असं लिहितेस आणि त्याचं खापर स्वभावावर फोडतेस. ते मला मान्य नाही. आजीशी तासन्‌तास बोलणारी मुलगी अबोल नसते. परक्या भाषेच्या वर्गातली भीतीच निराळी. टेक्सास विद्यापीठातल्या ईलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली स्पॅनिश नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे ३३ विधानं ठेवून ही भीती मोजली. तयारी नसताना बोलावं लागलं की घाबरायला होतं, असं सांगणारे त्यांत पुष्कळ निघाले. गणिताच्या तासाला चुकतं ते उत्तर. इथे आपण स्वतःच बावळट दिसू असं वाटतं.

तुझी खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. तू वाक्य आधी मनात पूर्ण बांधतेस. लिंग तपासतेस, विभक्ती तपासतेस, ‘वाइल’ (‘कारण’) आलं की क्रियापद शेवटी नेतेस, आणि तोवर सर पुढच्या बाकाकडे वळलेले असतात. ही सवय शाळेपासूनची आहे. इंग्रजी आपण रिकाम्या जागा भरत शिकलो. चुकलं की लाल शाई, गप्प बसलं तर काहीच नाही. पण मनात बरोबर असलेलं वाक्य जिभेवर आणायचं कसब वेगळं असतं आणि ते नुसतं ऐकून-वाचून येत नाही. कॅनडात इंग्रजी घरांतली मुलं शाळेत इतर विषय फ्रेंचमधून शिकत. मेरिल स्वेन यांनी त्यांच्यावरचा अभ्यास १९८५ साली मांडला. वर्षानुवर्षं ऐकून त्या मुलांना फ्रेंच उत्तम समजत होतं, बोलण्यात मात्र ती बरीच मागे होती. बोलताना जिथे अडतं तिथेच आपल्याला काय येत नाही ते उमगतं, असं स्वेन यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं. ‘दास बुख’ऐवजी ‘देअर बुख’ म्हणालीस तरी ऐकणाऱ्याला पुस्तकच कळेल. सर दुरुस्ती करतील, आणि ती लक्षात राहील, कारण ती तुझ्या वाक्याची असेल.

कॉन्व्हेंटची मुलं पटापट बोलतात, हेही तू लिहिलं आहेस. इंग्रजीच्या वर्गात त्यांची शिदोरी मोठी असते, हे खरं. जर्मन मात्र तुमच्यापैकी कोणाच्याच घरची नाही. इंग्रजीमुळे त्यांना बरेच शब्द ओळखीचे वाटत असतील. तुला मराठीमुळे तीन लिंगं नवी नाहीत, आणि क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबायची सवय तर जन्मापासूनची. लातूरच्या मराठी शाळेतून आलीस म्हणून तू मागे आहेस, या समजुतीला काही आधार नाही. इतकी वर्षं जर्मन शिकवून मी हे सांगते आहे.

आता स्वभावाचं. पीटर मॅकिंटायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली परक्या भाषेत आपणहून बोलण्याच्या तयारीचा सहा थरांचा मनोरा मांडला. त्यात स्वभाव अगदी तळाच्या थरात आहे. वर, प्रत्यक्ष बोलण्याच्या जवळ, दोन गोष्टी: त्या क्षणी वाटणारा विश्वास आणि एखाद्या विशिष्ट माणसाशी बोलावंसं वाटणं. ही दुसरी गोष्ट तू धरून ठेव. सबंध वर्गासमोर बोलणं जड जातं, शेजारणीशी जात नाही. एक मैत्रीण निवड. तास सुटल्यावर बसथांब्यापर्यंत फक्त जर्मन, असं दोघी ठरवा. वर्गात हात वर करण्याआधी उत्तर तिला सांगून बघ. मधेच अडलीस तर ‘मोमेंट, बिट्टे’ म्हण आणि वेळ घे, पण सोडून खाली बसू नकोस. तासाच्या सुरुवातीलाच एकदा बोल, म्हणजे उरलेला तास धाकधुकीत जाणार नाही. आणि दुसरं कोणी अडखळलं तर तू हसू नकोस.

काही जबाबदारी शिकवणाऱ्यांचीही आहे. अमेरिकेत मेरी बड रो यांना विज्ञानाच्या वर्गांत दिसलं, की प्रश्न विचारून शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. परक्या भाषेत तर त्याहून जास्त थांबायला हवं. तासानंतर सरांना भेट आणि ‘सर, उत्तर देण्याआधी आम्हाला जोडीत बोलायला मिनिटभर द्याल का?’ असं नम्रपणे विचार. चांगल्या शिक्षकाला अशी विनंती आवडते.

डिसेंबरात तू गोएथे संस्थेच्या जर्मनच्या बी-वन पातळीच्या परीक्षेला बसणार आहेस. तिथे बोलण्याचा भाग स्वतंत्र असतो, सुमारे १५ मिनिटांचा: जोडीदाराबरोबर काहीतरी ठरवायचं, एक विषय मांडायचा, मग त्यावर प्रश्नोत्तरं. त्यात १०० पैकी ६० गुण हवेतच. लेखनातले जास्तीचे गुण तिथे कामाला येत नाहीत. तेव्हा येत्या सोमवारच्या तासाला कोणी न विचारता एक वाक्य बोल, आणि ते होतं तसं, चुकांसकट, मला लिहून पाठव.

तुझी,
मावशी