पंचशीलातील पाचवे शील आणि आपले आरोग्य



विहारात आपण त्रिशरण-पंचशील ग्रहण करतो. त्यातील पाचवे शील मद्य व मादक पदार्थांपासून अलिप्त राहण्याचे आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही दारू न पिण्याचीच आहे. परंतु पुष्कळ जण हा केवळ नीतीचा नियम समजतात. "थोडी घेतली तर काय बिघडते?" असे तरुण मंडळी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शरीरशास्त्राच्या आधारे शोधणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

तथागतांनी सांगितलेले सहा दुष्परिणाम

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत: धनाचा नाश, भांडणात वाढ, रोगांना आमंत्रण, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता. यांपैकी रोग आणि बुद्धीची दुर्बलता यांचा संबंध सरळ आरोग्याशी आहे. आजचे वैद्यकशास्त्र त्यांचीच कारणे उलगडून दाखवते.

दारू शरीरात गेल्यावर काय होते?

दारू अन्नासारखी पचावी लागत नाही. जठर व लहान आतड्यातून ती सरळ रक्तात मिसळते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत पोहोचते. सारासार विचार करणारा मेंदूचा भाग आधी सुस्त होतो. म्हणून माणूस धीट होतो, जास्त बोलतो. ही शक्ती नव्हे, लगाम सुटल्याची खूण आहे. रक्तातील बहुतेक मद्यार्क निकामी करण्याचे काम यकृत म्हणजे लिव्हर करते. हे करताना ॲसिटाल्डिहाइड नावाचे विषारी द्रव्य तयार होते.

यकृताचा वेग मात्र ठरलेला आहे. ते तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकामी करते. व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम मद्यार्क असतो, तर १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. म्हणजे रात्री नऊला क्वार्टर संपवणाऱ्याचे यकृत पहाटेपर्यंत, काहींचे तर सकाळपर्यंत राबत राहते. लिंबू, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची अंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. "बीअर म्हणजे काही दारू नव्हे" हाही भ्रमच आहे. ८ टक्के मद्यार्काच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटर बाटलीत सुमारे ४० ग्रॅम, म्हणजे चार पेगांइतका मद्यार्क असतो.

रोगांचे घर

रोजच्या पिण्याने यकृतावर प्रथम चरबी साठते. या वेळी दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. न सोडल्यास यकृताला सूज येते आणि शेवटी ते कठीण होऊन आक्रसते. यालाच सिऱ्हॉसिस म्हणतात. मग पोटात पाणी होते, कावीळ होते, रक्ताच्या उलट्या होतात. शिवाय स्वादुपिंडाला सूज येते, रक्तदाब वाढतो, हृदयाचे स्नायू कमजोर होतात. पोषण कमी पडून ब-१ जीवनसत्त्वाचा अभाव झाला की स्मरणशक्ती जाते. क्षयरोगाचा धोकाही वाढतो. गरोदर स्त्रीने दारू घेतल्यास गर्भाच्या मेंदूला इजा होते.

हातभट्टीचा धोका वेगळाच आहे. तिच्यात मिथाइल अल्कोहोल मिसळलेले असल्यास दृष्टी जाते, प्राणही जातो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे अशा विषारी दारूने शंभराहून अधिक लोक मरण पावले. ते बहुतेक कष्टकरीच होते.

बँकेच्या काउंटरवर मृत पतीच्या खात्यातील पैशांसाठी तिशी-पस्तिशीतल्या भगिनी येतात. सोबत लहान मुले असतात. बोलता बोलता अनेकदा दारूचेच कारण कळते आणि खात्यात फारसे काही उरलेले नसते. तथागतांनी धनाचा नाश पहिला का सांगितला, ते अशा वेळी समजते.

"थोडी" म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारक ठरवले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व स्तन यांचा कर्करोग दारूमुळे होऊ शकतो. २०२३ मध्ये या संघटनेने आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. आपल्या पाचव्या शीलातही पेगाचे माप दिलेले नाही. ते अलिप्त राहण्यासच सांगते. विज्ञान आज त्याच ठिकाणी येऊन पोहोचले आहे.

सोडायची कशी?

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मात्र अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी बंद केल्यास थरथर, फिट्स, भ्रम होऊन जिवाला धोका संभवतो. म्हणून अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू सोडावी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण, तसेच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट यांनी अनेकांना मार्ग दाखवला आहे. पिणाऱ्याला हिणवू नका. हात धरून उपचारापर्यंत न्या. हीच करुणा होय.

विद्यार्थी मित्रांनो, पहिला पेला बहुधा मित्रच पुढे करतो, तोही जयंतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत. त्या क्षणी "मी घेत नाही" एवढे तीन शब्द पुरेसे आहेत. बाबासाहेबांच्या जयंतीला दारूचा वासही येऊ न देणे, हेच त्यांना खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!