हॉटेलातली राईस प्लेट आणि आपले आरोग्य

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीजवळ, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला छोटी हॉटेले, खानावळी, वडापावच्या गाड्या आहेत. बौद्धवाड्यांतली आपली माणसे शिफ्ट सुटली की तिथे मिसळ किंवा राईस प्लेट खातात, पगाराच्या दिवशी बायकामुलांनाही नेतात. बाहेरचे खाऊच नका, असे आम्ही सांगणार नाही. पहाटे उठून डबा करणाऱ्या बाईला एक दिवस सुट्टी मिळाली तर चांगलेच आहे.

शिवाय हॉटेलात बसून जेवणे ही आपल्या समाजाला सहज मिळालेली गोष्ट नाही. चहाची वेगळी कपबशी आपल्या आजी-आजोबांनी सोसली. याच महामार्गावर उत्तरेला महाड आहे. तिथे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. दुकाने, हॉटेले यांत प्रवेश करताना जातीवरून कोणाला अडवता येणार नाही, हे संविधानाच्या कलम १५ मध्ये लिहिले आहे. आणि एवढ्या हक्काने आत गेलेला आपला माणूस "हा ग्लास मळका आहे, दुसरा द्या" म्हणायला लाजतो! हे आम्हाला पटत नाही.

आता हातांचे. लोट्यात रसायनांचे कारखाने जास्त. प्लांटमधून आलेल्या माणसाच्या नखांत, बोटांच्या बेचक्यांत, बाहीवर पावडर किंवा सॉल्व्हंट राहू शकते आणि घासाबरोबर ते पोटात जाते. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण रसायन हातावरच राहते. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, नखांसकट चांगले चोळून हात धुवा. बेसिनवर साबण नसेल तर मागून घ्या. पुष्कळ ठिकाणी तो काउंटरखाली ठेवलेला असतो. कामाचे कपडे कंपनीतच बदला. त्याच शर्टाने पोराला मांडीवर घेऊन भरवू नका.

ताट आले की वाफ बघा. उसळ, आमटी, रस्सा कढत हवा. कोमट अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. भाताची गोष्ट तर बहुतेकांना ठाऊकच नसते. दुपारी शिजवून रात्रीपर्यंत बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस नावाचे जंतू विष तयार करू शकतात. तो भात पुन्हा कढईत परतला तरी ते विष नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. म्हणून चायनीजच्या गाडीवर फ्राइड राईस घेताना भात कधीचा आहे ते विचारा. पावसाळ्यात चिरून ठेवलेला कांदा, पातळ चटणी टाळलेली बरी. पाणी शक्यतो घरचे न्या.

भज्यांचे तेल काळे, चिकट, फेसाळणारे असेल तर पुढची गाडी गाठा. वर्तमानपत्रात बांधलेला वडा घेऊ नका, छपाईची शाई पोटात जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच तसे बजावले आहे. गाडीवाल्यालाही अन्न नोंदणी लागते. तो बहुधा आपल्यासारखाच कष्टकरी असतो, तेव्हा आधी त्याच्याशीच बोला. न ऐकल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएस द्या. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा. शौचात रक्त, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, पाणीही न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच दवाखाना गाठा. काय खाल्ले, किती वाजता, सोबत कोण होते आणि त्यांना काय होते आहे, ते डॉक्टरांना सांगा. कंपनीत कोणते रसायन हाताळता, तेही सांगा. सॉल्व्हंटच्या वाफांनीही मळमळ, उलटी, डोकेदुखी होते, आणि दोष मात्र हॉटेलच्या मिसळीवर जातो.