केळीला टिश्यू कल्चर, मग द्राक्षाला का नाही?

प्रश्न : आमच्या भागात केळीची टिश्यू कल्चर रोपं लावतात. ती एकसारखी वाढतात, घडही जवळपास एकाच वेळी येतात. मग द्राक्षाला आधी डॉगरीज हा खुंट लावा, नंतर त्यावर कलम भरा, हा खटाटोप अजून का? द्राक्षाची रोपं प्रयोगशाळेत होत नाहीत का?
– एक बागायतदार, पंढरपूर तालुका

उत्तर : होतात. १९४० च्या दशकातच फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल यांनी द्राक्षवेलीच्या पेशी काचनळीत वाढवल्या होत्या. डाऊनी रोगाची बुरशी जिवंत पेशींवरच जगते. तिचा अभ्यास करायचा, म्हणून त्यांनी त्या पेशींवर ती पोसली.

रोपं करण्याची रीत अशी. कोवळ्या फुटीचा एक डोळा असलेला तुकडा निर्जंतुक करतात आणि अगर, साखर, क्षार यांच्या माध्यमावर ठेवतात. द्राक्षाच्या कापलेल्या जागेतून फिनॉल सुटतात आणि तुकडा काळा पडतो, इथेच पहिली गळती होते. तगलेल्या तुकड्याला सायटोकायनिन दिलं की फुटवे येतात, मग ऑक्सिन दिलं की मुळ्या सुटतात. सुमारे २५ अंश तापमान आणि रोज १६ तास उजेड लागतो. रोप बाटलीतून बाहेर काढल्यावर खरी परीक्षा सुरू होते. बाटलीतल्या दमट हवेत पानावर मेणाचा थर नीट धरलेला नसतो, पर्णरंध्रंही पुरती मिटत नाहीत. कोरड्या हवेत असं रोप पाहता पाहता माना टाकतं. म्हणून आर्द्रता हळूहळू कमी करत नेतात.

एवढं करून बागायतदाराच्या पदरात काय पडतं? केळीला काडी नाही. मुनवे काढावे लागतात, त्यांची वयं वेगवेगळी असतात आणि मुळांबरोबर सूत्रकृमीही नव्या शेतात येतात. तिथे प्रयोगशाळेने मोठी अडचण सोडवली. द्राक्षाची काडी मात्र पिशवीत सहज मुळ्या धरते. शिवाय बाटलीतलं थॉम्पसन वाणाचं रोप स्वतःच्याच मुळांवर उभं असतं. तुमच्याकडचं क्षारयुक्त पाणी आणि उन्हाळ्यातला ताण सोसण्यासाठीच तर डॉगरीज लावतो. म्हणजे टिश्यू कल्चरचं रोप घेतलं तरी कलम चुकत नाही.

तरीही द्राक्षाला प्रयोगशाळा हवीच, असं माझं ठाम मत आहे. कारण आहे विषाणू. लीफरोल हा विषाणूजन्य रोग झालेल्या वेलीत साखर उशिरा भरते आणि रंगीत वाणांना रंग नीट चढत नाही. त्यावर कोणतीही फवारणी नाही. मिलीबग तो पसरवतात, पण दूरच्या गावापर्यंत तो जातो काडीतूनच. खुंटाच्या वेलींवर याची लक्षणं बहुधा दिसतच नाहीत, त्यामुळे डॉगरीजची तजेलदार काडीही आतून बाधित असू शकते. कलम भरलं की विषाणू वरच्या वाणात चढतो.

फुटीच्या अगदी टोकाला, जिथे अजून रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात, तिथे मात्र विषाणू सहसा पोचत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या केंद्रात जेमतेम अर्धा मिलिमीटरचं हे टोक सूक्ष्मदर्शकाखाली कापून घेतात, त्यापासून वेल वाढवतात आणि तपासून स्वच्छ ठरला तरच मातृबागेत लावतात. रोपवाटिकांना काड्या मिळतात त्या या वंशाच्या. आपल्याकडे पैसा आणि मेहनत लाखो बाटल्यांपेक्षा अशा तपासलेल्या मातृबागांवर खर्च व्हावी. रोपवाटिकेत गेलात तर खुंटाची आणि वाणाची काडी कोणत्या बागेतून आली, तिची विषाणू-चाचणी झाली का, हे जरूर विचारा.

एक सावधगिरी मात्र वाणाबाबत आहे. पिनो म्युनिए या फ्रेंच वाणाच्या वरच्या पेशीथरात एक जनुकीय बदल आहे, आतल्या थरात तो नाही. ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी नुसत्या वरच्या थराच्या पेशींतून वेल वाढवला, तेव्हा तो बुटका निघाला आणि बाळीच्या जागी त्याला घड आले. हे काम २००२ मध्ये प्रसिद्ध झालं. आपले सोनाका, माणिक चमन हे वाण थॉम्पसनच्याच वंशातून निवडलेले आहेत; त्यांच्यातले बदलही असेच एखाद्या थरापुरते असू शकतात. त्यांची वैशिष्ट्यं टिकवायची तर विस्कळीत पेशींच्या गाठीतून नव्हे, तर तयार डोळ्यातून किंवा फुटीच्या टोकातून रोपं करावीत आणि फळ पाहूनच ती पुढे वाटावीत.